दोघेही म्हणतात ‘मीच मास्टर’: सामायिक आयपीचं सारखं उलटणारं दुखणं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच का ते लगेच कळेल. दोन लिनक्स सर्व्हर आहेत, दोन्हींवर कीपअलाइव्हडी (एक सर्व्हर पडला की त्याचा पत्ता दुसऱ्याला उचलायला लावणारा प्रोग्राम) आहे आणि दोघांत मिळून एक सामायिक आयपी; ज्याच्याकडे तो असतो तो मास्टर. एका काउंटरचा पीसी झकास चालतोय आणि शेजारच्या पीसीवर लॉगिन मध्येच उडतंय. थोड्या वेळानं हा चालू, तो बंद. पिंग कुठूनही मारा, उत्तर येतंच. सर्व्हर रीबूट केला की बरं वाटतं, आणि खाली जाऊन चहा पिऊन वर येईपर्यंत पुन्हा तेच.

हे चहाचं लक्षात ठेवा. आम्ही दोन महिने ते ऐकत होतो आणि त्याचा अर्थ कुणी लावत नव्हतं.

जागा म्हणाल तर बेळगावातली एक सौहार्द सोसायटी, म्हणजे सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय शहरात, शाखा खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि चिकोडीला. पुढच्या दोन सर्व्हरना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणतो. थोरला १९२.१६८.१०.२, धाकटा १९२.१६८.१०.३, आणि सगळे पीसी ज्याच्याकडे जातात तो सामायिक पत्ता १९२.१६८.१०.१०. दोघांवर एचएप्रॉक्सी, म्हणजे आलेली कनेक्शनं मागे वाटून देणारा प्रोग्राम, आणि त्याच्या मागे ॲप्लिकेशनचे दोन सर्व्हर. थोरला आडवा झाला की धाकट्यानं ‘शेवटचा दहा’, म्हणजे हा सामायिक पत्ता, उचलायचा, एवढंच ठरलेलं.

दुखणं उठायचं संध्याकाळी सहानंतर. त्या वेळी पिग्मी एजंट दिवसभराची वसुली मशीनमध्ये भरून परत येतात, ती पीसीला लावून रिकामी करायची गडबड असते. नेमक्या त्याच वेळी निपाणीचा फोन, चिकोडीचा फोन, खानापूरचा फोन, सगळे एकाच मिनिटाला: “सर, परत उडालं बघा.” संध्याकाळीच होतं म्हटल्यावर लोड वाढतोय हा निष्कर्ष सगळ्यांनी काढला, मीही काढला. दोन्ही सर्व्हरची रॅम वाढवली. संचालक मंडळाकडून त्यासाठी मंजुरी घेतली, आणि ते बिल आजही फाइलीत माझ्याकडे बघतंय.

मग एका संध्याकाळी मी थोरल्यावर बसलो होतो आणि आमचा हुक्केरीचा पोरगा धाकट्यावर. दोघांनी एकाच वेळी आयपी ॲड्रेसची यादी काढली. तो म्हणाला, “एरडू मास्टर अदावरी, सर.” दोन्ही मास्टर आहेत. शेवटचा दहा माझ्याही यादीत होता, त्याच्याही.

एका म्यानात दोन तलवारी, आणि तेही दिवसभर. संध्याकाळी ते फक्त दिसायचं. कारण समजून घ्या. पीसीला शेवटचा दहा हवा असतो तेव्हा तो लॅनवर एआरपीनं विचारतो, “हा कुणाचा?” दोन मास्टर असले की दोघंही हात वर करतात, आणि ज्याचं उत्तर शेवटी आलं त्याचा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) पीसी लिहून ठेवतो. मग बराच वेळ त्याच्याशीच बोलतो. दोघांवर एचएप्रॉक्सी चालूच असल्यामुळे कामही होतं. तक्रार येते ती लिहिलेला मॅक बदलतो तेव्हा. चालू असलेलं टीसीपी कनेक्शन थोरल्याकडे होतं, पुढचं पॅकेट धाकट्याकडे गेलं, धाकटा म्हणाला हे कनेक्शन मी कधी पाहिलेलंच नाही, आणि तोडलं. काउंटरवर त्याला ‘लॉगिन उडालं’ म्हणतात. संध्याकाळी बंद असलेले पीसी चालू होतात, एआरपीची विचारपूस वाढते, उलटापालट वाढते. आणि सगळ्या शाखा एकदम का पडतात? कारण सगळ्या मुख्य कार्यालयातल्या एकाच राउटरमधून आत येतात. त्या राउटरच्या वहीत शेवटच्या दहाची नोंद एकच असते. ती बदलली की चारही गावं एकदम.

आमच्या गावाला दोन नावं आहेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, तोंडात बेळगाव, पण कुठलंही नाव लिहा, टपाल एकाच घरी येतं. इथं नेमकं उलटं झालं होतं: नाव एक आणि घरं दोन.

आता खात्री कशी करायची. दोन वेगळ्या पीसींवर एआरपीची यादी काढा आणि सामायिक आयपीसमोरचा मॅक ताडून बघा. वेगळे निघाले तर संशय पक्का. लॅनवर तिसरं लिनक्स मशीन असेल तर त्यावरून एआरपिंग (एआरपीनं विचारणारी आज्ञा) मारा, पण एक खोच आहे. नेहमीचं एआरपिंग पहिलं उत्तर आलं की पुढची विचारणा फक्त त्याच मॅकला करतं, त्यामुळे दुसरा मास्टर लपून राहतो. सतत ब्रॉडकास्टच (सगळ्यांना एकदम विचारणं) पाठवायचा जो ‘बी’ पर्याय आहे तो द्या. मग एकाच आयपीची दोन मॅकवरून आलेली उत्तरं समोर दिसतात.

दोन मास्टर आहेत हे कळलं तरी का आहेत ते कळायला व्हीआरआरपी (मास्टर कोण हे ठरवायचा कीपअलाइव्हडीचा प्रोटोकॉल) कसं चालतं ते डोक्यात हवं. मास्टर दर सेकंदाला लॅनवर एक पॅकेट सोडतो. रात्रीच्या गस्तीवाल्याच्या शिट्टीसारखं, अर्थ एवढाच की मी जागा आहे. हे पॅकेट २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (नाव घातलेल्या सगळ्यांना एकदम पोचणाऱ्या) पत्त्यावर जातं आणि आयपीमधला त्याचा प्रोटोकॉल क्रमांक ११२. ते टीसीपीही नाही, यूडीपीही नाही, त्यामुळे पोर्ट हुडकत बसू नका. धाकटा नुसता ऐकत असतो. तीन शिट्ट्या चुकल्या आणि वर थोडा वेळ गेला की तो मास्टर होतो. वरचा थोडा वेळ म्हणजे २५६ मधून त्याची प्रायॉरिटी (मास्टर व्हायचा मान ठरवणारा फाइलीतला आकडा) वजा करून २५६ नं भागायचं. प्रायॉरिटी १०० असेल तर ०.६०९ सेकंद. म्हणजे एकूण ३.६ सेकंद शांतता, की धाकटा उठलाच.

मतलब, दोन मास्टर झाले तर बहुतेक वेळा दोन्ही सर्व्हर ठणठणीत असतात. शिट्टी वाटेत मरते. सर्व्हर उघडून बसण्याआधी वाट तपासा.

दोघांवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला आणि फक्त प्रोटोकॉल ११२ गाळून घेतला. थोरल्याला फक्त थोरल्याची पॅकेटं दिसत होती, धाकट्याला फक्त धाकट्याची. दोघं बोलतायत, ऐकू कुणालाच येत नाही.

मग चहाची आठवण झाली. धाकट्यावरची कीपअलाइव्हडी सर्व्हिस रीस्टार्ट केली, टीसीपीडम्प तसाच चालू ठेवला आणि घड्याळ बघत बसलो. थोरल्याची पॅकेटं येऊ लागली! धाकटा शहाण्यासारखा बॅकअप, म्हणजे राखीव, झाला. एक मिनिट, दोन, तीन, चार. चार मिनिटं वीस सेकंदांच्या सुमारास पॅकेटं टपकन थांबली आणि पुढच्या साडेतीन सेकंदांत धाकटा पुन्हा मास्टर. परत रीस्टार्ट, परत तेवढाच वेळ.

चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद. हा आकडा योगायोग नव्हता. आयजीएमपीमध्ये (मल्टिकास्ट ग्रुपात नाव घालायचा प्रोटोकॉल) एखाद्या ग्रुपचा सभासद जिवंत आहे असं किती वेळ धरायचं याचा हिशेब असा: १२५ सेकंदांची विचारणा दोनदा, अधिक उत्तराची १० सेकंदं. झाले २६०.

आता सगळं जुळलं. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कोसळली आणि ऑफिसचा जुना साधा स्विच जळाला. तो काही विचार न करता सगळं सगळीकडे पाठवायचा. त्याच्या जागी मॅनेज्ड स्विच आला, स्वस्तातला पण ‘हुशार’. “आणखी काय बदललं?” म्हणून मी विचारलं होतं तेव्हा “काही नाही सर, फक्त स्विच” असं उत्तर मिळालं होतं. त्या ‘फक्त’वर मी समाधान मानलं, ही चूक माझी.

नव्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग कारखान्यातूनच चालू होतं. स्नूपिंग म्हणजे स्विच कान लावून बसतो: कुठल्या पोर्टवरच्या मशीननं कुठल्या मल्टिकास्ट ग्रुपात नाव घातलं, ते टिपतो आणि त्या ग्रुपची पॅकेटं तेवढ्याच पोर्टांना देतो. कीपअलाइव्हडी सुरू होताना लिनक्स ‘मला २२४.०.०.१८ हवं’ असं एकदा सांगतो. स्विचनं टिपलं, पॅकेटं चालू. पुढे नाव ताजं ठेवायला कुणीतरी अधूनमधून ‘कोण कोण आहे?’ असं विचारावं लागतं. त्या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात, आणि आमच्या लॅनवर तो नव्हताच. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून २६० सेकंदांनी स्विचनं नाव खोडलं. त्यातच ‘अनोळखी मल्टिकास्ट टाकून द्या’ हीही खूण केलेली. शिट्टी स्विचच्या पोटात मेली.

खरं तर हा स्विचचा आगाऊपणा. स्नूपिंगबद्दलचा आरएफसी ४५४१ हा २००६ चा दस्तऐवज आहे, त्यात २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा टप्पा सगळ्या पोर्टांना सोडावा असं म्हटलंय, कारण रूटिंगपासून व्हीआरआरपीपर्यंतचे घरगुती निरोप याच टप्प्यात जातात. सगळे स्विच ते पाळत नाहीत.

इलाज तीन आहेत. त्या व्हीलॅनवर (स्विचवरच्या लॅनच्या त्या भागावर) स्नूपिंग बंद करा, किंवा स्विचवरच क्वेरिअर चालू करा, किंवा मल्टिकास्टचा नादच सोडून कीपअलाइव्हडीला युनिकास्ट, म्हणजे थेट एकमेकांच्या पत्त्यावर पाठवणं, सांगा. पहिले दोन पाच मिनिटांत होतात. मी तिसरा घेतला. पुढच्या वळवात हाही स्विच जळणार, त्या जागी तिसरा येणार, आणि स्नूपिंगची खूण काढायची आठवण तेव्हा कुणालाच राहणार नाही. युनिकास्टची सेटिंग सर्व्हरच्या फाइलीत राहते. थोरल्याच्या फाइलीत स्वतःचा सोर्स आयपी .२ आणि युनिकास्ट पिअर म्हणून .३, धाकट्याच्या फाइलीत बरोब्बर उलटं. एकाच बाजूला लिहिलं तर दुसरी बाजू जुन्याच मल्टिकास्टवर ओरडत राहते, म्हणून दोन्ही फाइली शेजारी ठेवून वाचा.

मध्यंतरी एका मित्रानं दोघांत थेट एक केबल टाकून शिट्टी तिथून फिरवायचा सल्ला दिला होता. केलं नाही ते बरं. फक्त तेवढं केलं तर थोरल्याची लॅन केबल निघाली तरी मधल्या केबलवरून तो ‘मी जागा आहे’ म्हणतच राहतो, आणि धाकटा निवांत. केबल टाकायचीच तर लॅनच्या इंटरफेसवरही नजर ठेवायला कीपअलाइव्हडीला सांगावं लागतं.

तुमचा वेळ २६० सेकंद नसेल तर

दुखण्याची वेळ काय आहे यावरून कारण ओळखता येतं.

रीबूट झाल्यापासूनच दोन मास्टर असतील तर फायरवॉल. फायरवॉलडीमध्ये व्हीआरआरपीला परवानगी देताना ‘कायमची’ ही खूण करायची राहून गेली, की रीलोडला किंवा रीबूटला तो नियम नाहीसा होतो. युनिकास्टवर गेलात तरी क्रमांक ११२ ची परवानगी लागतेच.

रात्री ठरलेल्या वेळी पत्ता इकडून तिकडे जाऊन लगेच परत येत असेल आणि सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असतील, तर डेटा बॅकअपचा स्नॅपशॉट (चालू मशीनची प्रत) बघा. मशीन चार सेकंद गोठलं की ३.६ सेकंदांची मर्यादा गेली. शिट्टीचं अंतर थोडं वाढवा किंवा दोघांच्या बॅकअपच्या वेळा बदला.

कुणीतरी नवीन जोडी लावल्या दिवसापासून लॉगमध्ये ‘जाहिरातीत आपला आयपी नाही’ अशा अर्थाची कुरकुर (जाहिरात म्हणजे तीच शिट्टी) येत असेल तर व्हर्च्युअल राउटर आयडीची, म्हणजे जोडीच्या क्रमांकाची, टक्कर. नमुन्याच्या फाइलीत ५१ लिहिलेलं असतं आणि सगळे तेच उचलतात. १ ते २५५ मधला कुठलाही चालतो, पण त्या लॅनवर तो एकमेव हवा. कार्पवर (ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा व्हीआरआरपीसारखा प्रोटोकॉल) चालणारी फायरवॉलची जोडी शेजारी असेल तर तिचाही आयडी वेगळा ठेवा. कार्प २००४ मध्ये ओपनबीएसडी ३.५ बरोबर आला. व्हीआरआरपीवर सिस्कोच्या पेटंटचा दावा होता म्हणून त्या मंडळींनी स्वतःचं वेगळं बनवलं, प्रोटोकॉलचा वेगळा क्रमांक मिळाला नाही, तेव्हा त्यांनी ११२ च वापरला. व्हर्च्युअल मॅकची सुरुवातही तीच, ००:००:५ई:००:०१, शेवटी आयडी. दोन अनोळखी माणसांनी एकच आडनाव लावावं तसं. पासवर्डवर भिस्त ठेवू नका. कीपअलाइव्हडी पहिली आठ अक्षरंच बघतो, तीही लॅनवर उघडीच फिरतात, आणि २००४ च्या आरएफसी ३७६८ नं ती सोयच काढून टाकली.

बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या पत्त्याचं वेगळं नाटक असतं. आत सगळं झटपट पलटतं आणि बाहेरून मात्र काही तास अंधार. नवा मास्टर ‘हा पत्ता आता माझा’ अशी न विचारता एआरपी घोषणा करतो, पण पलीकडच्या राउटरनं ती मानली नाही तर तो जुना मॅकच धरून बसतो. सिस्कोच्या राउटरवर एआरपीची नोंद मुळात ४ तास टिकते. कीपअलाइव्हडीला व्हर्च्युअल मॅक वापरायला सांगितलं की मॅकच बदलत नाही, मग पलीकडच्याला काही शिकवावंच लागत नाही.

मार्च एंड

युनिकास्ट केल्यावर आठ-नऊ महिने फोन नाही. मग मार्च एंडला, व्याज आकारणी चालू असताना, पत्ता पुन्हा इकडून तिकडे उड्या मारायला लागला. या वेळी दोन मास्टर नव्हते, एकच होता, पण दर मिनिटाला वेगळा. हे दुखणं सख्खं दिसलं तरी चुलत आहे.

एचएप्रॉक्सी जिवंत आहे का हे बघणारी एक छोटी स्क्रिप्ट दर दोन सेकंदांनी चालायची. आकारणीच्या ओझ्याखाली तिला उत्तर यायला उशीर व्हायचा, कीपअलाइव्हडी म्हणायचा थोरला पडला, पत्ता धाकट्याकडे. थोरल्यावरचं ओझं हलकं झालं की स्क्रिप्ट पास, थोरला मोठा म्हणून पत्ता हिसकावून परत. आणि प्रत्येक उडीला सगळ्यांचं लॉगिन उडालं. दोन बदल केले. एक, सलग तीनदा चुकल्याशिवाय पडला म्हणायचं नाही आणि सलग पाचदा पास झाल्याशिवाय उठला म्हणायचं नाही. दोन, नोप्रीएम्प्ट: ज्याच्याकडे पत्ता आहे त्याच्याकडे राहू दे, मोठेपणा मिरवायला परत मागायचा नाही. हे चालण्यासाठी दोघांचीही सुरुवातीची स्थिती बॅकअप अशीच लिहावी लागते. थोरल्याला मास्टर लिहून नोप्रीएम्प्ट दिलात तर ते लागू होत नाही.

याच फाइलीत वजनाची चूक सापडली, ती पूर्वी मीच केलेली. थोरल्याची प्रायॉरिटी ११०, धाकट्याची १००, स्क्रिप्ट नापास झाली तर थोरल्याचे ५ कमी. ११० मधून ५ गेले, राहिले १०५, म्हणजे धाकट्यापेक्षा जास्तच! अशी फाइल एरवी कधीच पत्ता हलवणार नाही, एचएप्रॉक्सी मेला तरी. मग आमच्याकडे हलत कसा होता? दुसऱ्या एका स्क्रिप्टचे आणखी १० वजा होत होते म्हणून. आता एकच स्क्रिप्ट, वजन शून्य, म्हणजे नापास झाली की सर्व्हर सरळ बाद; नोप्रीएम्प्ट असताना नुसत्या वजाबाकीनं पत्ता हलत नाही.

तेव्हाच लोडची वाटणीही केली, म्हणजे रॅमचं बिल अगदीच वाया गेलं नाही. शेवटच्या दहाच्या जोडीला शेवटचा अकरा असा दुसरा सामायिक पत्ता घेतला, वेगळ्या आयडीचा. दहाचा मास्टर थोरला आणि बॅकअप धाकटा, अकराचा त्याच्या उलट. शहरातले काउंटर दहाकडे, शाखा अकराकडे. नोप्रीएम्प्टमुळे एकदा बिनसलं तर दोन्ही पत्ते एकाच घरी राहतात, ते नंतर निवांत हातानं परत करावे लागतात. मला ते चालतं, गर्दीच्या वेळी उड्या नकोत. एक मात्र पाळायचं: दोघंही एरवी निम्म्याच्या आत चालले पाहिजेत. साठ-साठ टक्के भरलेले दोन सर्व्हर म्हणजे एक पडला की दुसरा त्याच्याच ओझ्यानं पडणार.

चाचणी दुसऱ्या शनिवारी घेतली, सोसायटी बंद असते. सर्व्हिस थांबवून चाचणी घेऊ नका, ती फसवी असते. नीट थांबवलेला कीपअलाइव्हडी जाताना प्रायॉरिटी शून्य असं सांगून जातो, त्यामुळे धाकटा अर्ध्या-पाऊण सेकंदात उठतो आणि आपण खूश होतो. खरा अपघात सांगून येत नाही. आम्ही थोरल्याची लॅन केबल उपसली. पीसीवर सतत पिंग चालू होतं: चार गेले, पाचवा आला. मॅनेजर सर शेजारी उभे होते. केबल परत लावली, दोन मिनिटं थांबलो, दोन्ही पत्ते धाकट्याकडेच.

“मग आता थोरल्याचं काय काम?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, थांबा, आता धाकट्याची काढतो.